सरकारी मराठी शाळेत पाठ्यपुस्तके परत घेऊन पुढच्या वर्गाला द्यावीत का?

प्रश्न
एसडीएमसी सदस्य, खानापूर तालुका

सप्रेम नमस्कार. कर्नाटकाच्या सीमाभागातील आमच्या गावात पहिली ते सातवीपर्यंतची सरकारी मराठी शाळा आहे. शाळा विकास व देखरेख समितीच्या (एसडीएमसीच्या) मागील बैठकीत एका पालकाने असा विषय मांडला की, सरकारकडून दरवर्षी मिळणारी मोफत पुस्तके एप्रिलमध्ये निकाल लागला की रद्दीत जातात किंवा चुलीपाशी पोहोचतात, आणि दुसरीकडे जूनमध्ये शाळा भरल्यावर नव्या पुस्तकांची वाट पाहत बसावे लागते. तेव्हा वर्षअखेरीस सगळी पुस्तके शाळेनेच परत घ्यावीत आणि पुढच्या वर्गाला द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. बैठकीतील बहुतेकांना ते पटले, मात्र मुख्याध्यापकांनी काही शंका काढल्या आणि विषय पुढील बैठकीवर गेला.

गेल्या जूनमध्ये आमच्याकडे मराठी आणि इंग्रजीची पुस्तके वेळेवर आली, पण गणित आणि परिसर अध्ययन या विषयांची पुस्तके यायला बराच उशीर झाला. कन्नड माध्यमाच्या मानाने मराठी माध्यमाच्या प्रती कमी छापाव्या लागतात. त्या छापून, गटाच्या गोदामात येऊन, तिथून डोंगराकडच्या गावांपर्यंत पोहोचेपर्यंत पाऊस लागलेला असतो. त्या काळात आमच्या बाई पाचवीच्या वर्गात उदाहरणे फळ्यावर लिहून देत होत्या आणि मुले ती वहीत उतरवून घेत होती. पाऊण तासाच्या तासिकेतला निम्म्याहून अधिक वेळ निव्वळ उतरवून घेण्यात जात होता. आदल्या वर्षीची पुस्तके कपाटात असती तर हा वेळ वाचला असता, हे उघड आहे.

माझ्या मनात काही प्रश्न आहेत. एकदा मुलाला मोफत दिलेले पुस्तक शाळेला परत मागता येते का? सगळ्या इयत्तांची पुस्तके अशी फिरवता येतील, की काहीच? पुस्तके नीट परत यावीत म्हणून प्रत्येक पालकाकडून थोडी अनामत रक्कम घ्यावी, अशी सूचना आली आहे. ते योग्य होईल का? आणि आमच्याकडच्या पावसात दोन महिने दमट कपाटात राहिलेली पुस्तके टिकतील का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचा आहे.

उत्तर १
निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव तालुका

आपल्या समितीने हा विषय हाती घेतला याचा आनंद वाटला. पुस्तके जपून पुन्हा वापरावीत या मताचा मी आहे, पण सरसकट सगळी नव्हेत.

पहिली ते तिसरीची पुस्तके या योजनेतून सरळ वगळावीत. आपल्या राज्यातील सरकारी शाळांत पहिल्या तीन इयत्तांसाठी नलीकली पद्धत आहे. मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत मुलाने स्वतः करून शिकण्यावर उभी आहे. त्या वयाच्या मुलाच्या हातातले पुस्तक हे निम्मे कृतिपुस्तकच असते. त्यात अक्षरे गिरवायची, चित्रे रंगवायची, जोड्या लावायच्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला पुस्तकात लिहू नको म्हणणे म्हणजे त्याचे शिकणे अडवणे होय. तेव्हा त्यांना दरवर्षी कोरे पुस्तक मिळालेच पाहिजे.

खरी गुंतागुंत चौथी-पाचवीत आहे. चौथीच्या गणिताचे एखादे जुने पुस्तक उघडून पाहावे. अपूर्णांकाच्या पाठात एका वर्तुळाचे चार समान भाग दाखवून त्यांतील तीन रंगवायला सांगितलेले असते. आधीच्या मुलाने ते निळ्या बॉलपेनने रंगवलेले असतात, खालच्या चौकटीत उत्तर लिहिलेले असते आणि त्यावर शिक्षकांनी लाल शाईने बरोबरची खूणही केलेली असते. पुढच्या वर्षी हे पुस्तक जिच्या हाती पडेल, त्या मुलीसाठी तो प्रश्न उरतच नाही. ती पाहून लिहील, शिक्षकांना वाटेल तिला येते, आणि अपूर्णांक कच्चे राहतील. भाषेच्या आणि परिसर अध्ययनाच्या पुस्तकांत ही अडचण तुलनेने कमी आहे, कारण त्यांत वाचायचा मजकूर अधिक असतो आणि प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिण्याची सवय मुलांना असते.

म्हणून पुस्तके परत घ्यायची असतील तर त्याची तयारी जूनपासूनच करावी लागते. पुस्तक वाटण्यापूर्वी त्यावर शाळेचा शिक्का आणि अनुक्रमांक घालावा, साठा नोंदवहीत नोंद करावी, आणि आतल्या पानावर चार-पाच ओळींचा तक्ता छापून चिकटवावा. त्यात विद्यार्थ्याचे नाव, शैक्षणिक वर्ष आणि पुस्तकाची स्थिती लिहायची. मुलांनी खूण करायची तर शिसपेन्सिलीनेच करावी आणि उत्तरे वहीत लिहावीत. शिक्षकांनीही पुस्तकावर लाल शाई चालवू नये. तपासणी वहीतच व्हावी. हे पथ्य शिक्षकांनी पाळले तर मुले आपोआप पाळतात, असा माझा नोकरीभरचा अनुभव आहे.

एप्रिलमध्ये पुस्तके परत आली की त्यांचे तीन ढीग करावेत. जशीच्या तशी वापरता येतील ती पहिल्या ढिगात, दुरुस्तीनंतर वापरता येतील ती दुसऱ्यात, आणि उरलेल्यांचे समितीच्या ठरावाने रीतसर निर्लेखन करावे, म्हणजे ती साठ्याच्या नोंदीतून कमी करावीत. एखाद-दुसरे पान फाटले असेल तर पुस्तक टाकून देण्याचे कारण नाही. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाची पुस्तके पीडीएफ स्वरूपात असतात. हवे ते पान छापून घेऊन जागेवर चिकटवता येते. मात्र आवृत्तीचे वर्ष जुळते का, हे आधी पाहून घ्यावे.

आवृत्तीचा हा मुद्दा सहावी-सातवीसाठी फार महत्त्वाचा आहे. २०२२ मध्ये आपल्या राज्यातील पुस्तकांत मोठे बदल झाले, त्यावरून बरेच वादळ उठले, आणि २०२३ मध्ये सरकार बदलल्यावर सहावी ते दहावीच्या कन्नड आणि समाजविज्ञानाच्या पुस्तकांतील काही पाठ पुन्हा वगळले गेले व काही घातले गेले. त्या वेळी छापून वाटलेली पुस्तके परत न मागवता पुरवणी पुस्तिका देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. माझ्या मते हाच मार्ग नेहमीसाठी असावा. दोन पाठ बदलले म्हणून सबंध पुस्तक रद्दीत घालावे लागू नये. पुरवणी जोडली की जुने पुस्तक चालू राहते. पण हे धोरण आपल्या हाती नाही. आपल्यापुरते सांगायचे तर समाजविज्ञानाचे जुने पुस्तक देण्यापूर्वी नव्या प्रतीशी अनुक्रमणिका ताडून पाहणे शिक्षकांचे काम आहे.

पलीकडे चंदगड तालुक्यात नातेवाईक असलेल्यांना ठाऊक असेल की महाराष्ट्राने याच्या अगदी उलट प्रयोग करून पाहिला. मार्च २०२३ मधील निर्णयानुसार तिथे पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्यात आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि गरीब मुलांना वह्यांचा खर्च पडू नये, हा हेतू चांगलाच होता. पण मुलांनी वह्याही नेल्याच आणि पुस्तके मात्र जाड झाली. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. ज्या पुस्तकात वही मिसळली ते पुस्तक दुसऱ्या मुलाला देता येत नाही, हा त्यातला आपल्या विषयाशी संबंधित धडा आहे.

उत्तर २
एक पालक, निपाणी

वरील दोन्ही लेखन काळजीपूर्वक वाचले. गुरुजींचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्या सूचना व्यवहार्य आहेत, तरीही मला या कल्पनेला विरोध नोंदवायचा आहे.

सरकारी मराठी शाळेत आज कोणाची मुले जातात, हे आपण सर्वजण जाणतो. ज्याची ऐपत आहे तो इंग्रजी माध्यमाची बस दारात बोलावतो. उरतात ती शेतमजुरांची, विडी वळणाऱ्या बायकांची, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांची मुले. माझी आई विड्या वळत असे आणि आम्हा भावंडांना शेजारच्यांची जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत घेऊन मिळत. कव्हर नसलेले, पहिली आठ पाने गळालेले पुस्तक घेऊन वर्गात बसणे काय असते, हे ज्याने भोगले आहे त्यालाच कळते. कविता पहिल्याच पानांवर असायच्या आणि त्या मला शेजारच्या मुलीच्या पुस्तकात डोकावून पाठ कराव्या लागत.

मोफत नवे पुस्तक ही या मुलांना वर्षातून एकदा नव्याकोऱ्या मिळणाऱ्या फार थोड्या वस्तूंपैकी एक वस्तू आहे. कित्येक घरांत पाठ्यपुस्तक सोडले तर दुसरे छापील मराठी पुस्तक नसते. चौथीतून पाचवीत गेलेल्या मुलाचे पुस्तक घरी राहिले तर त्याचा दुसरीतला भाऊ ते चाळतो, त्याची आजी त्यातली गोष्ट वाचून घेते. ते पुस्तक परत नेले तर त्या घरातले वाचनच आपण उचलून नेतो. शिवाय आज समितीने स्वखुशीने जुनी पुस्तके वापरायला घेतली, तर उद्या वरून असे विचारले जाणार नाही का, की तुमच्याकडे इतक्या प्रती शिल्लक आहेत, मग नव्या कशाला हव्यात? सीमाभागातील मराठी शाळांना जे मिळते ते आधीच अपुरे आणि उशिरा मिळते. त्यात आपणच आपल्या हाताने कपात करून घेऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३
छपाई आणि बांधणी व्यावसायिक, शहापूर, बेळगाव

पुस्तके द्यावीत की न द्यावीत, यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण पुस्तक किती वर्षे टिकेल, हे मी सांगू शकतो, कारण हा माझा रोजचा धंदा आहे.

शालेय पाठ्यपुस्तक मुळातच एक वर्ष चालावे या हिशेबाने बनवलेले असते. बालभारतीच्या पुस्तकांच्या श्रेयनामावलीच्या पानावर सत्तर जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) क्रीमवोव्ह असा कागदाचा उल्लेख आपण पाहिला असेल. आपल्याकडच्या पुस्तकांचा कागदही साधारण त्याच जातीचा असतो. वाचायला तो चांगला आहे, पण ओल्या बोटांनी पाने उलटणाऱ्या मुलाच्या हातात त्याचे कोपरे लवकर दुमडतात आणि मऊ पडतात. पातळ पुस्तकाला मधोमध तारेच्या दोन पिना मारलेल्या असतात, तर जाड पुस्तकाची पाठ डिंकाने चिकटवलेली असते. डिंकाचे पुस्तक जोरात उलगडले की मधून दुभंगते. पिनांच्या पुस्तकाचा शत्रू वेगळा आहे, आणि खानापूरच्या पश्चिमेकडील कणकुंबी, जांबोटी भागात तो हमखास भेटतो. तो म्हणजे गंज. एका पावसाळ्यात पीन तांबूस होते, दुसऱ्या पावसाळ्यात ती भोवतालचा कागद खाते, आणि मग मधली चार पाने एकदम हातात येतात.

उपाय अवघड नाही. परत आलेल्या पुस्तकाची पीन चिमट्याने काढून टाकावी, त्याच घडीवर दाभणाने तीन भोके पाडावीत आणि जाड सुती दोऱ्याने शिवून गाठ आतल्या बाजूला घ्यावी. मधल्या भोकातून सुरुवात करून मधल्याच भोकात गाठ मारली की शिवण घट्ट बसते. सातवीच्या मुलांना हे एकदा दाखवले तर ती स्वतः करू शकतात, कार्यानुभवाच्या तासिकेत ते बसतेही. पाठीवर बोटभर रुंदीची सुती कापडाची पट्टी लावावी. ती चिकटवताना पिठाची खळ वापरू नये, कारण खळीवर झुरळे आणि कसर येते. बांधणीवाले पूर्वी तिच्यात मोरचूद घालत, पण मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या पुस्तकांत ते नको. फेव्हिकॉल थोडे पातळ करून लावले तरी काम होते.

कव्हराबाबत एक सांगतो. प्लॅस्टिकचे कव्हर दिसायला टिकाऊ वाटते, पण दमट हवेत त्याच्या आत ओल अडकते आणि मूळ मुखपृष्ठावर काळे ठिपके पडतात. त्यापेक्षा खाकी कागद किंवा जुन्या दिनदर्शिकेचे गुळगुळीत पान उलटे करून घातलेले बरे. पुस्तके ठेवताना लोखंडी कपाट भिंतीला चिकटून नसावे, खालचा खण मोकळा सोडावा, आणि पुस्तकांमध्ये वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या शाळेत टाळाव्यात. एप्रिल-मेमध्ये एक दिवस सगळी पुस्तके उलगडून वाऱ्यावर ठेवली तर निम्मे काम तिथेच होते. मात्र कडक उन्हात ठेवू नयेत, कागद ठिसूळ होतो.

इतके केले तर माझ्या अंदाजाने भाषेचे पुस्तक तीन वर्षे सहज चालेल. गणिताचे त्याहून कमी चालेल, कारण ते सर्वांत जास्त हाताळले जाते.

उत्तर ४
शिक्षिका, चिक्कोडी शैक्षणिक जिल्हा

निपाणीच्या ताईंनी लिहिलेले मला मनापासून पटले. पण आमच्या ऊसपट्ट्यातील शाळांचा एक प्रश्न इथे कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहीत आहे.

आमच्याकडे कारखाने सुरू झाले की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांतील बऱ्याच बीडकडच्या असतात आणि त्यांची मुले मराठीतच शिकलेली असतात. दिवाळीनंतर अशी मुले शाळेच्या दारात उभी राहतात. आम्ही त्यांना वर्गात बसवून घेतो, पण त्यांच्याजवळचे पुस्तक असते महाराष्ट्राचे, आणि आमचे असते कर्नाटकाचे. धडे वेगळे, गणिताचा क्रम वेगळा, आणि कन्नड तर त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. पुस्तकांची मागणी सॅट्स या विद्यार्थी नोंदणीच्या सरकारी संगणक प्रणालीवरील पटसंख्येनुसार कधीच नोंदवून झालेली असते, त्यामुळे या मुलांसाठी प्रत शिल्लक नसते. दोन मुलांमध्ये एक पुस्तक ठेवून आम्ही वेळ मारून नेतो. चंदगडकडून मामाच्या गावी राहायला आलेल्या मुलाचीही हीच गत होते. अशा मुलांच्या हातात दाखल झाल्या दिवशी पूर्ण संच देता यावा, यासाठी तरी जुनी पुस्तके शाळेत हवीतच.

आणखी एक मार्ग सुचवते. जुना संच मुलांना वाटूच नये. तो वर्गातच ठेवावा. नवी पुस्तके आली की ती प्रत्येक मुलाला रीतसर द्यावीत आणि ती त्याने घरीच ठेवावीत. वर्गात बाकावर जुने पुस्तक, घरी अभ्यासाला नवे. असे केले तर कोणा एकाच्या वाट्याला फाटके आणि दुसऱ्याच्या वाट्याला कोरे, असा भेद राहत नाही. दप्तरही हलके होते. आपल्या राज्याच्या २०१९ च्या आदेशात तिसरी ते पाचवीच्या दप्तराचे वजन दोन ते तीन किलोंपर्यंत असावे असे म्हटले आहे, पण पाचही विषयांची पुस्तके, वह्या, पाण्याची बाटली आणि पावसाळ्यात छत्री धरली तर ते कसे पाळायचे? वाडीवस्तीवरून ओढा ओलांडून चालत येणाऱ्या मुलाच्या पाठीवर पुस्तके नसली तर ती भिजणारही नाहीत. जूनमध्ये नवी पुस्तके येईपर्यंत वर्गातला हाच संच कामाला येतो, आणि नोव्हेंबरात आलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला घरी न्यायलाही त्यातूनच प्रती देता येतात.

यासाठी सगळ्या मुलांची पुस्तके परत यायला हवीत असेही नाही. चौथी ते सातवीच्या ज्या घरांत धाकटे भावंड नाही किंवा ज्यांना पुस्तक नको आहे, त्यांनी स्वखुशीने दिली तरी दोन वर्षांत संच पुरा होतो. ज्यांना घरी ठेवायची असतील त्यांनी खुशाल ठेवावीत. आजीने गोष्ट वाचावी हा ताईंचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर ५
वकील, बेळगाव

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च बालकावर लादता येत नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांत सरकारी शाळेतील बालकाला पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद केला आहे. तेव्हा अनामत रकमेची सूचना समितीने सरळ बाजूला ठेवावी. परत मिळणारी असली तरी ती रक्कम भरता येत नाही म्हणून एखाद्या मुलाला पुस्तक मिळायला उशीर झाला, तर तो हक्काचा भंग ठरेल. पुस्तक हरवले किंवा फाटले म्हणून दंड घेणेही त्याच कारणाने टाळावे. पुस्तक परत आणले नाही म्हणून निकालपत्रक किंवा दाखला अडवून ठेवण्याचे प्रकार काही ठिकाणी घडल्याचे कानावर येते. तेही कोणत्याही परिस्थितीत करू नये. पुस्तके परत मागायची ती विनंती म्हणूनच.

मोफत मिळणे आणि कायमचे मालकीचे होणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत, हे मात्र खरे. जर्मनीतील अनेक राज्यांत शाळा पुस्तके वर्षभरासाठी वापरायला देते आणि आतल्या पानावरील शिक्क्यात प्रत्येक वर्षीच्या विद्यार्थ्याचे नाव लिहिले जाते. पण तिथे लिहायची कृतिपुस्तिका वेगळी असते आणि वाचायचे पुस्तक वेगळे, शिवाय पुस्तक मुळातच पक्क्या बांधणीचे असते. आपल्याकडे पुस्तक एका वर्षासाठी छापायचे आणि तीन वर्षे वापरा म्हणायचे, तर त्याचा भुर्दंड शेवटच्या मुलाला बसेल. सरकारला पुनर्वापर हवा असेल तर कागद, बांधणी आणि स्वाध्यायांची मांडणी यांपासून सुरुवात करावी लागेल.

कपातीची जी भीती ताईंनी व्यक्त केली आहे, ती अनाठायी नाही. समग्र शिक्षा योजनेच्या चौकटीत पुस्तकांसाठी प्रति मूल वर्षाला प्राथमिक स्तरावर २५० रुपये आणि उच्च प्राथमिक स्तरावर ४०० रुपये इतकी मर्यादा धरलेली आहे. ही रक्कम दरवर्षी प्रत्येक मुलासाठी असते, म्हणून मागणी नेहमी पूर्ण पटसंख्येचीच नोंदवावी. जुन्या संचाची नोंद वर्गसाहित्य म्हणून वेगळ्या नोंदवहीत करावी आणि समितीच्या ठरावातच असे वाक्य घालावे की, हा संच विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या नव्या पुस्तकांच्या ऐवजी नसून त्यांच्याव्यतिरिक्त आहे. कलम २१ प्रमाणे शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे आणि विकास आराखडा करणे हे समितीचे कामच असल्याने असा ठराव करण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. दाखला हवा असेल तर कोरोनाकाळात, २०२१ मध्ये, छपाई लांबल्यावर आपल्याच राज्याच्या शिक्षण खात्याने जुनी पुस्तके गोळा करून पुस्तकपेढी करायला शाळांना सांगितले होते, हे मुख्याध्यापकांच्या निदर्शनास आणून द्यावे.

याबरोबर आणखी एक काम समितीने करावे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. पुस्तके केव्हा आली याची तारीखवार नोंद विषयानुसार ठेवावी आणि उशीर झाला तर क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. मातृभाषेतील पुस्तक वेळेवर मिळणे ही त्यातली अगदी पहिली सोय आहे. जुन्या संचाने मुलांची जूनमधली गैरसोय टळेल, पण म्हणून उशिराबद्दल विचारणे सोडून देऊ नये. तोंडी तक्रारीचा पुढे काही उपयोग होत नाही. तारखांचा कागद असेल तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांपर्यंतही जाता येते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
एसडीएमसी सदस्य, खानापूर तालुका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल समितीच्या वतीने मनःपूर्वक आभार. अनामत रकमेची सूचना मी पुढील बैठकीत मागे घ्यायला लावणार आहे. पहिली ते तिसरीची पुस्तके या विषयातून पूर्णपणे वगळू, आणि चौथी ते सातवीचा संच मॅडमनी सुचवल्याप्रमाणे वर्गातच ठेवण्याचा ठराव मांडू. वकील साहेबांनी सांगितलेले वाक्य ठरावात जसेच्या तसे घेईन. शिवणकामासाठी दाभण आणि दोरा समितीच्या पैशांतून घेता येईल. सातवीच्या मुलांना दाखवायला शहापूरचे भाऊ एखाद्या शनिवारी आले तर त्यांच्या येण्याजाण्याची सोय आम्ही करू.

एक शंका राहिली आहे. गणिताच्या ज्या जुन्या पुस्तकांत उत्तरे आधीच लिहून ठेवलेली आहेत, त्यांचे काय करावे? पेन्सिलीचे पुसता येईल, पण बॉलपेनचे पुसले जात नाही.

उत्तर ६
निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव तालुका

वर्गात ठेवण्याची मॅडमची सूचना माझ्या सूचनेपेक्षा निश्चितच सरस आहे. बॉलपेनने भरलेली गणिताची पुस्तके या वर्षी संचात घेऊच नयेत. त्यांतील चित्रे, आकृत्या आणि उदाहरणांची कोरी राहिलेली पाने कापून पुठ्ठ्यावर चिकटवावीत, म्हणजे चौथीच्या शिक्षकांना वर्षभर पुरतील इतकी गणिताची कार्डे तयार होतील. या जूनपासून नियम नीट पाळला गेला तर पुढच्या एप्रिलमध्ये गणिताची पुस्तकेही संचात घेता येतील; तोवर भाषा आणि परिसर अध्ययन यांपासून सुरुवात करावी. कन्नडचे पुस्तक मात्र अवश्य गोळा करावे. आपल्या मुलांना घरी कन्नड शिकवणारे कोणी नसते. वर्गात आणि घरी अशा दोन प्रती असल्या तर शिक्षकांना जुन्या प्रतीत प्रत्येक कठीण शब्दाच्या वर पेन्सिलीने मराठी उच्चार लिहून ठेवता येतो, आणि जून महिन्यात त्याची मुलांना फार मदत होते.